अडलेल्या संगणकाची विचारपूस



विंडोज १० या कार्यप्रणालीस तिच्या कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिच्या पुढील विंडोज ११ या आवृत्तीस टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था व बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळें ज्यांचा पडदा स्वच्छ आहे, कळफलक शाबूत आहे, असे पुष्कळ संगणक एकाएकीं निरुपयोगी ठरूं लागले. शाळा, वाचनालयें आणि बेताच्या मिळकतीचीं घरें यांना नवें यंत्र घेणें ही सहज गोष्ट नव्हे. अशा यंत्रांना लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली नवें आयुष्य देऊं शकते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा प्रसिद्ध केला. त्या गाभ्यावर उभारलेल्या डेबियन, उबुंटू, मिंट इत्यादि प्रणाली आज कोणासहि उतरवून घेतां येतात.

परंतु पुष्कळांचा अनुभव असा कीं, स्थापना सुरू करावी, पडद्यावर चिन्ह उमटावें आणि तेथेंच सर्व कांहीं थांबावें. कळ दाबली तरी हालचाल नाहीं, चूक कोणती याचा उल्लेखहि नाहीं. मग मनुष्य कंटाळून म्हणतो, "हें यंत्र या प्रणालीस चालत नाहीं," आणि यंत्र भंगारांत जातें. हा निकाल बहुधा घाईचा असतो, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम आंत काय घडतें तें पाहूं. बटण दाबल्यावर पेनड्राइव्हवरून ग्रब नांवाची यादी पडद्यावर येते व तेथून गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा, अंमल सुरू होतो. वर्गांत शिक्षकानें हजेरी घ्यावी तसा कर्नेल एकेका अवयवाची हजेरी घेतो: स्मृति, डिस्क, कळफलक, ग्राफिक्स कार्ड. एखाद्या अवयवानें उत्तर दिलें नाहीं किंवा भलतेंच दिलें, तर कर्नेल तेथेंच खोळंबतो. सारें यंत्र बिघडलेलें नसतें. हजेरी एका नांवापाशीं अडलेली असते. तें नांव शोधणें हेंच आपलें काम.

आरंभीं दोन साध्या गोष्टी कराव्या. आपले कागदपत्र व छायाचित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीं. कारण डिस्क पुसली जात असतां स्थापना अडली, तर जुनेंहि गेलें आणि नवेंहि आलें नाहीं, अशी गत होते. शिवाय प्रणालीची प्रत निर्दोष आहे ना, हें ताळ्याच्या आंकड्यानें पडताळावें. उतरवून घेतांना एखादा भाग खराब झाला, तर दोष प्रतीचा असून बोल मात्र यंत्राला लागतो.

त्यानंतर यंत्र खरोखर थांबलें आहे कीं केवळ मंद आहे, हें पाहावें. पेनड्राइव्ह जुना असल्यास दहा मिनिटें पडदा स्तब्ध राहणें शक्य आहे. कॅप्स लॉक ही कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-मालवत असेल, तर कर्नेल जिवंत आहे व अडचण बहुधा पडद्यापुरती आहे. दिवाहि हलत नसेल, तर अडथळा अधिक खोल आहे, असें तूर्त धरावें.

आतां यंत्राला बोलतें करावयाचें. यादी दिसत असतां 'ई' ही कळ दाबली म्हणजे कांहीं ओळी उघडतात. त्यांपैकीं 'लिनक्स' या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळींत 'क्वायट' व 'स्प्लॅश' असे दोन शब्द बहुधा असतात. पहिला कर्नेलला मौन पाळावयास सांगतो, दुसरा त्यावर चित्राचा पडदा टाकतो. दोन्ही खोडून एफ-१० दाबावें. मग हजेरीच्या ओळी भराभर सरकतांना दिसतील. शेवटची ओळ वहींत उतरून घ्यावी. परंतु तिच्यांतील नांवच अपराधी, असें मात्र समजूं नये. तें नांव हजेरी देऊन मोकळें झालेलें असूं शकतें. ज्याची पाळी पुढें होती आणि ज्यानें तोंडच उघडलें नाहीं, तोच पुष्कळदां दोषी निघतो.

अनुभव असा कीं, हा मौनी विद्यार्थी बहुतेक वेळां ग्राफिक्स कार्ड असतो. पूर्वीं पडद्याची रुंदी, उंची व रंग ठरविण्याचें काम कर्नेलच्या बाहेरील कार्यक्रम करीत असे. २००९ पासून हें काम क्रमाक्रमानें कर्नेलनें स्वतःकडे घेतलें. एन्व्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठीं 'नूव्हो' नांवाचा ड्रायव्हर २०१० सालीं कर्नेलमध्यें आला. कंपनीनें आपल्या चिपांचे तपशील उघड केले नव्हते, म्हणून स्वयंसेवकांनीं चिपांचें वर्तन न्याहाळून तो रचला. काम थोर खरें. पण कांहीं कार्डांशीं, विशेषतः दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या लॅपटॉपांत, त्याचें जुळत नाहीं व यंत्र गोठतें.

यावर उपाय एका शब्दाचा आहे. त्याच ओळींत, जेथें 'क्वायट' होता तेथें, 'नोमोडसेट' हा शब्द लिहावा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी; मध्यें जागा न सोडतां, सर्व लहान अक्षरें. याचा अर्थ, "पडद्याची मांडणी तूं करूं नकोस, सुरुवातीस जें साधें चित्र मिळालें आहे त्यावरच चालव." उबुंटूच्या यादींत 'सेफ ग्राफिक्स' हा पर्याय असतो, तो निवडल्यास हा शब्द आपोआप घातला जातो. चित्र ओबडधोबड दिसेल, पण स्थापना पुरी होईल. ओळींतील असा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. म्हणून पुढच्या प्रारंभीं यंत्र पुन्हां अडलें तर घाबरूं नये, तोच शब्द पुन्हां द्यावा. मग कंपनीचा योग्य ड्रायव्हर बसवावा आणि शब्द काढून टाकावा. कुबडी पाय बरा होईपर्यंतच वापरावयाची असते.

या शब्दानें न भागल्यास प्रोसेसरकडे वळावें. २०१३ सालीं आलेल्या इंटेलच्या बे ट्रेल जातीच्या प्रोसेसरांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. काम नसलें कीं प्रोसेसर वीज वांचविण्यासाठीं निद्रेच्या पायऱ्या उतरतो. हे प्रोसेसर लिनक्सखालीं खोल पायरीवर गेले म्हणजे कधीं कधीं परततच नसत, आणि यंत्र वाटेल त्या क्षणीं गोठे. 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' हा आदेश, अर्थात् इंग्रजी अक्षरांत, त्याच ओळींत दिला म्हणजे प्रोसेसर पहिल्या पायरीखालीं उतरत नाहीं. वीज कांहींशी अधिक जाते, पण यंत्र चालतें. अडण्याची जागा दर खेपेस बदलत असेल, तर स्मृतीचीहि परीक्षा घ्यावी. मेमटेस्ट हा कार्यक्रम त्यासाठींच आहे.

शेवटीं एक पथ्य. एका वेळीं एकच बदल करावा, त्याचा परिणाम लिहून ठेवावा आणि मगच दुसरा करावा. चार औषधें एकदम दिलीं आणि रोगी बरा झाला, तरी गुण कोणत्या औषधाचा हें कळत नाहीं; आणि बरा न झाल्यास कोणतें बाधलें हेंहि कळत नाहीं. एवढें करूनहि यंत्र अडून राहिलें, तर ती वही जाणत्या माणसापुढें ठेवावी. "चालत नाहीं" या दोन शब्दांवरून त्याला कांहींच सांगतां येणार नाहीं. परंतु कोणत्या ओळीवर थांबलें आणि काय केल्यानें काय झालें, हें वाचून तो पुष्कळ सांगूं शकेल. आपल्या घरीं वा शाळेंत असा संगणक कोपऱ्यांत पडला असेल, तर भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं त्याची एकदां एवढी विचारपूस करावी, अशी माझी विनंती आहे.