किलिमांजारो चढायला सहा दिवस का लागतात?

आधी एक साधे गणित करा. आफ्रिकेतील सर्वांत उंच पर्वत किलिमांजारो टांझानिया देशात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या ३ अंशांवर उभा आहे. त्याचे सर्वोच्च टोक म्हणजे उहुरू शिखर. ते समुद्रसपाटीपासून ५,८९५ मीटर उंच आहे. मारंगू नावाच्या वाटेने निघालो, तर प्रवेशद्वारच सुमारे १,८६० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही वर आहे. तेव्हा चढायचे उरले सुमारे ४,००० मीटर. धडधाकट तरुण तासाला ४०० मीटर उंची गाठू शकतो. म्हणजे दहा तासांचे काम! वाटेत दोर लावावे लागत नाहीत की कडे चढावे लागत नाहीत. मग तेथील वाटाडे या वाटेवर सहा दिवस, आणि इतर काही वाटांवर सात-आठ दिवस, का लावतात? एवढे करूनही कित्येक जण शिखर न गाठताच का परततात?

वर्गात हा प्रश्न टाकला की दोन उत्तरे हमखास येतात. एक, ‘वर हवेत प्राणवायू कमी असतो.’ दुसरे, ‘रक्तातील तांबड्या पेशी वाढायला वेळ लागतो.’ पहिले उत्तर अर्धे बरोबर आहे. दुसरे इतर ठिकाणी खरे असले तरी या सहा दिवसांच्या कोड्याला फारसे लागू पडत नाही. वेळ खाणारा अवयव निराळाच आहे. त्याची गाठ घेण्यापूर्वी हवेचा हिशेब पाहू.

गादीवाल्याच्या दुकानात कापसाच्या गाद्यांची थप्पी तुम्ही पाहिली असेल. सर्वांत खालची गादी चेपून पातळ झालेली असते, कारण वरच्या सगळ्यांचे वजन तिच्यावर असते. सर्वांत वरची फुगलेली असते. वातावरणाचेही तसेच आहे. समुद्रकाठी आपल्या डोक्यावर हवेची सगळी थप्पी असते आणि तिचा दाब ७६० मि.मी. पाऱ्याच्या स्तंभाइतका भरतो. आपण वर चढू तसतशी थप्पी कमी होते. मारंगूच्या प्रवेशद्वाराशी दाब सुमारे ६१० मि.मी. असतो. पहिला मुक्काम मांडारा, २,७२० मीटर: सुमारे ५५०. दुसरा होरोंबो, ३,७२० मीटर: सुमारे ४९०. तिसरा किबो, ४,७२० मीटर: सुमारे ४३०. आणि शिखरावर ३७५ च्या आसपास. म्हणजे उहुरूवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाखाली जवळजवळ निम्मे वातावरण असते!

हे आकडे नेहमीच्या प्रमाण कोष्टकांशी ताडून पाहिलेत तर थोडे जास्त भरतील. याचे कारण सुरेख आहे. विषुववृत्ताजवळची हवा उबदार, म्हणून प्रसरण पावलेली असते. तिची थप्पी जास्त उंच उभी राहते आणि त्यामुळे ठरावीक उंचीवर डोक्यावर हवा थोडी अधिक उरते. ध्रुवाकडच्या थंड प्रदेशात याच्या उलट होते. २४ ऑक्टोबर १९८१ रोजी ख्रिस्तोफर पिझो या डॉक्टर-गिर्यारोहकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब मोजला. प्रमाण कोष्टकाप्रमाणे तो २३६ मि.मी. यायला हवा होता, प्रत्यक्षात २५३ आला. एव्हरेस्ट २८ अंश अक्षांशावर आहे, पार उत्तरेला असते तर कृत्रिम प्राणवायूशिवाय त्यावर चढणे बहुधा अशक्य ठरले असते.

आता प्राणवायू. हवेतील त्याचे प्रमाण पायथ्याशी शेकडा २१ आणि शिखरावरही शेकडा २१. त्यात फरक पडत नाही. कमी होतो तो दाब, आणि फुप्फुसातून रक्तात प्राणवायू ढकलला जातो तो या दाबाच्या जोरावर. पण येथे एक खोच आहे. नाकावाटे आत गेलेली हवा शरीराच्या ३७ अंश तापमानाला ओली चिंब होते आणि तिच्यातील पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मि.मी. असतो. तुम्ही मुंबईत असा की किलिमांजारोवर, वाफ आपला ४७ चा वाटा घेणारच! म्हणून समुद्रकाठी श्वासातील प्राणवायूचा दाब (७६० – ४७) चे शेकडा २१, म्हणजे सुमारे १५० मि.मी. शिखरावर (३७५ – ४७) चे शेकडा २१, म्हणजे ६९ मि.मी. हवेचा दाब निम्मा झाला, पण प्राणवायूचा दाब निम्म्याहूनही खाली गेला.

शरीर यावर लगेच एक उपाय करते. मानेत, मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीच्या काठी, रक्तातील प्राणवायूवर नजर ठेवणारे चिमुकले पिंड असतात. प्राणवायू घटताच ते सूचना देतात आणि श्वास जलद व खोल होतो. याला दिवस लागत नाहीत, काही मिनिटांतच हे घडते. मग प्रश्न सुटलाच की! पण नाही.

जलद श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायॉक्साइडही भराभर बाहेर पडतो. हा वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होते, हे तुम्ही सोडावॉटरच्या उदाहरणाने शिकला आहात. तो कमी झाला की रक्तातील आम्लता घटते, रक्त अल्कधर्मी होऊ लागते. मेंदूत श्वासोच्छ्वासाचे जे केंद्र आहे ते प्राणवायूपेक्षा आम्लतेकडेच अधिक लक्ष देते. त्याला वाटते, श्वास फार झाला, आता आवरा. म्हणजे मानेतले पिंड म्हणतात ‘जोरात’, मेंदू म्हणतो ‘हळू’. एकाच मोटारीत एका पायाने ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक दाबावा, तशी ही अवस्था. रात्री झोपेत तर ही ओढाताण उघड दिसते. झोपलेल्या माणसाचा श्वास वाढत जातो, मग काही सेकंद पार थांबतो, आणि पुन्हा एकदम धाप लागून सुरू होतो. शेजारी झोपलेला नवखा प्रवासी हे पाहून घाबरून उठतो.

हा ब्रेक सोडवतात मूत्रपिंडे. रक्तातील जास्तीचा अल्क, म्हणजे बायकार्बोनेट, ती लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्त पुन्हा समतोलाकडे येते, मेंदूची हरकत मावळते आणि श्वास मोकळेपणी वाढू शकतो. मात्र हे काम मिनिटांत होत नाही. त्याला काही दिवस लागतात, आणि प्रत्येक नव्या उंचीवर ते पुढे चालू ठेवावे लागते. किलिमांजारोवरच्या सहा-सात दिवसांचे वेळापत्रक ठरते ते या मूत्रपिंडांच्या गतीवर! उंचीवर वारंवार लघवीला जावे लागले, तर वाटाडे ते चांगले लक्षण मानतात, ते उगीच नव्हे. तांबड्या पेशी वाढवण्याची आज्ञा शरीर काही तासांतच देते हे खरे. पण नव्या पेशींची भरती जाणवण्याइतकी व्हायला आठवडे लागतात, आणि तोवर आपला प्रवासी घरी परतलेला असतो.

आता सहा दिवसांचा क्रम पाहा, म्हणजे त्यातील शहाणपण कळेल. पहिला दिवस दाट अरण्यातून मांडारापर्यंत. दुसरा दिवस गवताळ माळावरून होरोंबोपर्यंत. तिसरा दिवस होरोंबोलाच. पण तो लोळत काढायचा नाही: दुपारपर्यंत चार हजार मीटरच्या वर एक फेरी मारायची आणि रात्री झोपायला पुन्हा खाली यायचे. उंच चढल्याने शरीराला सूचना मिळते, खाली झोपल्याने त्रास टळतो. चौथा दिवस किबो आणि मावेंझी या दोन शिखरांमधल्या वैराण पठारावरून किबो निवाऱ्यापर्यंत. त्याच मध्यरात्री निघून पाचव्या दिवशी सकाळी शिखर, आणि लगेच खाली होरोंबोपर्यंत. सहाव्या दिवशी प्रवेशद्वार.

पाच दिवसांत हाच प्रवास उरकणारे लोकही आहेत. ते गाळतात तो नेमका तिसरा दिवस. उद्यानाचे शुल्क दिवसावारी असते, तेव्हा एक दिवस गाळला की पैसे वाचतात. मला ही काटकसर वेडेपणाची वाटते. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण पाचशे मीटरांहून जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. होरोंबो ते किबो ही एकच उडी हजार मीटरांची! म्हणजे सहा दिवसांचा बेतसुद्धा घाईचाच आहे. जादा दिवस मिळाला तर तो घ्यावा.

घाईची किंमत काय? प्रथम डोके दुखते, मळमळते, अन्न नको होते. एवढ्यावर थांबले तर बरे. कधी फुप्फुसात पाणी साठते आणि माणूस बसल्या जागी धापा टाकतो. कधी मेंदूला सूज येते आणि तो झोकांड्या खाऊ लागतो. या दोन्हींनी दिवसाच्या आत मृत्यू येऊ शकतो, आणि तो तरुण व धट्ट्याकट्ट्या माणसालाही येतो. दंड-बैठकांनी स्नायू बळकट होतात, मूत्रपिंडांचा वेग वाढत नाही. उलट बळकट माणूस भरभर वर जाऊन आधी आजारी पडतो, असेही घडते. म्हणून वाटाड्याशिवाय या पर्वतावर जाऊ देत नाहीत. जाणता वाटाड्या संध्याकाळी प्रत्येकाची विचारपूस करतो. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू पाहतो. २०२० सालच्या कोरोनाच्या साथीत आपल्याकडे घरोघर आलेला तोच हा चिमटा. घरी ९५ च्या खाली आकडा गेला की आपण धावपळ करत होतो, पण किबोच्या मुक्कामी ८० च्या आसपास आकडा दिसणे नवलाचे नाही. शंका आली तर वाटाड्या सरळ रेषेत, टाचेला बोटे लावत चालायला सांगतो. तोल गेला की शिखर विसरायचे. अंधार असो, पाऊस असो, रुग्णाला त्याच घडीला खाली उतरवायचे. हजार मीटर खाली गेल्यावर जो आराम पडतो तो इतर कशाने पडत नाही. मूत्रपिंडांच्या कामाला लवकर चालना देणारी गोळीही आहे, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि ती घेतली म्हणून दिवस गाळता येत नाहीत.

तुम्ही विचाराल, मग विक्रम करणारे कसे जातात? २०१४ साली कार्ल एगलॉफ नावाचा धावपटू ६ तास ४२ मिनिटांत वर जाऊन खालीही आला! त्याचे घर इक्वेडोरमधल्या उंच प्रदेशात आहे. शिवाय उंचीचा आजार जडायला सहसा सहा ते बारा तास लागतात. तेवढ्यात तो पायथ्याशी पोहोचलासुद्धा.

वाटाड्यांचा मंत्र मात्र ‘पोले पोले’. स्वाहिली भाषेत याचा अर्थ हळूहळू. किबो निवाऱ्यापासून ज्वालामुखीच्या विवराच्या कडेपर्यंत सुमारे हजार मीटर चढायला पाच-सहा तास लागतात. अंगावरच्या ओझ्यासह ७० किलोग्रॅम वस्तुमान हजार मीटर उचलण्याचे कार्य सुमारे ६,८६,००० ज्यूल. साडेपाच तासांत भागा: ३५ वॅट येतील. घरातला छतपंखासुद्धा याहून जास्त वीज खातो! तरीही त्या हवेत एवढ्याशा शक्तीने छाती भरून येते, दहा पावलांवर थांबावे लागते. निघायचे मध्यरात्री, कारण दिवसा पायाखालून सरकणारा ज्वालामुखीचा घसारा रात्रीच्या थंडीने गोठून घट्ट होतो. शिवाय दुपारी खालच्या अरण्यातून ढग वर येण्याआधी उतरायचे असते.

शिखर जिंकल्याचे छायाचित्र प्रवाशाचे असते, पण त्याचा तंबू, शिधा आणि पाणी वीस किलोंपर्यंतच्या ओझ्यांनी वाहिलेले असते ते हमालांनी. यांपैकी पुष्कळ जण पर्वताच्या उतारावर केळी आणि कॉफी पिकवणाऱ्या चागा समाजाचे. त्यांची गावे दीड-दोन हजार मीटरपर्यंतच आहेत, म्हणून त्यांनाही ही हवा सुटत नाही, आजार त्यांनाही होतो. आणि स्वयंपाक? किबोच्या मुक्कामी पाणी ८५ अंशांनाच उकळते. राजमा तासन्‌तास रटरटला तरी कच्चाच राहील.

हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी ६ ऑक्टोबर १८८९ रोजी हे शिखर प्रथम गाठले. १८८७ च्या प्रयत्नात मेयरला बर्फाच्या काठावरून परतावे लागले होते. दुसऱ्या वेळी त्याने उंचावर तळ ठोकला आणि मारंगूहून हमालांकरवी शिधा मागवत तेथे दिवसामागून दिवस काढले. त्याचा हेतू पुन्हा पुन्हा चढाई करता यावी एवढाच असावा. बायकार्बोनेटचा हा खेळ तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता, पण मूत्रपिंडांना हवा तो वेळ मिळाला. त्याने पाहिलेले बर्फ आता फारसे उरलेले नाही. १९१२ साली सुमारे ११.४ चौरस किलोमीटर असलेल्या हिमनद्या २०११ साली १.७६ वर आल्या होत्या, आणि त्यानंतरही त्या आटतच आहेत.

उतरताना हिशेब उलटा फिरतो. शिखरावरून निघालेला माणूस संध्याकाळी होरोंबोला पोहोचतो, दाब ३७५ वरून ४९० वर येतो आणि सकाळचे डोके कधी थांबले हे त्याला आठवतही नाही. आता तुमच्यासाठी एक उदाहरण. गोळ्यांची पातळ, मऊ प्लॅस्टिकची १०० घ.सें.मी. बाटली शिखरावर उणे १० अंश तापमानात रिकामी असताना घट्ट बंद केली. प्रवेशद्वाराशी दाब ६१० मि.मी. आणि तापमान २० अंश आहे. बाटलीतील हवेचे घनफळ किती राहील? उत्तर ६८ ते ६९ घ.सें.मी. यायला हवे. महाबळेश्वरला गेलात तर असाच प्रयोग करा आणि मुंबईला पोहोचल्यावर बाटलीच्या पोटाकडे पाहा.