काळ्या घोड्याजवळचा लोखंडी सांगाडा

काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६०च्या दशकात तिचे बिडाचे खांब इंग्लंडमध्ये ओतले, जहाजानं आणले आणि इथं जोडले. सारा भार या सांगाड्यावर. आपल्याकडला पहिला सिनेमा, ल्युमिएर बंधूंचा, ७ जुलै १८९६ला इथंच दाखवला गेला. पुढं हॉटेल गेलं. हायकोर्ट जवळच, तेव्हा आडभिंती घालून वकिलांनी कचेऱ्या थाटल्या. भाडं जुनं, डागडुजी कुणी करायची? २००५ साली सज्जा कोसळून एक जण दगावला. २०१९मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ती रिकामी झाली. आयआयटीचे तज्ज्ञ म्हणाले पाडा. वारसाप्रेमी म्हणाले दुरुस्त करा. मी दुसऱ्या बाजूचा. सांगाडा जोडलेला आहे, गंजला तेवढा भाग बदलावा.