रोजचं अर्थशास्त्र : आजारपण घरात, राजीनामा कुणाचा?

नागपूरच्या मिहान प्रकल्पात आयटी कंपन्या आणि एम्स रुग्णालय एकाच परिसरात आहेत. तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसाने अंथरूण धरलं, की नोकरी सहसा सुनेचीच सुटते. माया, संस्कार हे उत्तर मला अपुरं वाटतं. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी बोट ठेवलं ते तासांच्या किमतीवर. रात्री-अपरात्री हाकेला हजर राहायला लावणाऱ्या नोकरीत तास दीडपट झाले, तर पगार त्याहून जास्त वाढतो. दोघांनीही अशी नोकरी धरली तर घराकडे कोण पाहणार? दोघांनीही सोडली तर मिळकत बुडते. म्हणून एकजण कंपनीच्या हाताशी राहतो, दुसरा घराच्या. दुसरं कोण, हे मात्र रूढी ठरवते. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७.

मिहानमुळे मुलं पुण्याला न जाता आईवडिलांजवळ राहू शकतात, मग प्रश्न उरतोच कुठे, असं कुणी म्हणेल. अंतर मिटलं हे खरंच, पण ओपीडी सकाळची आणि काम अमेरिकेच्या घड्याळावर असेल तर वेळेची ओढाताण तशीच राहते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी त्या कायद्यात काहीच नाही. शिवाय बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकावर असल्याने तरुण स्त्रीला नेमतानाच तो कचरण्याची भीती आहे. गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांना वेगळी वाट अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांत दिसली. मोठ्या साखळी दुकानांत रुग्णांच्या नोंदी संगणकावर गेल्या, एकाचं काम दुसरा सहज उचलू लागला आणि स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतली दरी पुष्कळ घटली. संगणकावरच चालणाऱ्या मिहानमधल्या कामाची अशी वाटणी करणं त्याहून अवघड नसावं.