ताऱ्यांच्या दाटीत कुणी राहत असेल?

एप्रिल-मे महिन्यांत शहराच्या उजेडापासून दूर गेलात आणि दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल, तर नरतुरंग तारकासमूहात एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हा ओमेगा सेंटॉरी, एक बंदिस्त तारकागुच्छ. अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं, तारे जवळपास एक कोटी. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेच्या वर गुच्छ आहेत आणि बहुतेकांचं वय १० ते १३ अब्ज वर्षं आहे. सूर्य जेमतेम साडेचार अब्जांचा. जीवसृष्टीला सगळ्यांत जास्त गरज वेळेची असेल, तर तो या जुन्या मंडळींकडे मुबलक आहे.

तरीही खगोलशास्त्रज्ञ या गुच्छांकडे फारशा आशेने पाहत नसत. खडकाळ ग्रह घडायला लोह, सिलिकॉन लागतं आणि ते ताऱ्यांच्या आधीच्या पिढ्यांनी शिजवून ठेवावं लागतं. हे तारे जन्मले तेव्हा विश्वाच्या कोठारात अशी मूलद्रव्यं नाममात्रच होती. १९९९ साली हबल दुर्बिणीने ४७ टुकाने या गुच्छातल्या सुमारे ३४ हजार ताऱ्यांवर आठ दिवस नजर ठेवली. ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणारे गुरूसारखे १७ ग्रह सापडावेत, असा अंदाज होता. सापडला एकही नाही. (पुढे केपलर दुर्बिणीच्या माहितीवरून गणित पुन्हा मांडलं, तेव्हा मूळ अंदाजच फुगलेला होता असं दिसलं. म्हणजे त्या शून्याचा धसका घ्यायचं कारण नव्हतं.)

आणि एक ग्रह तर हाताशी होताच. वृश्चिकेतल्या ज्येष्ठा ताऱ्याशेजारी एम-४ गुच्छ आहे. त्यात सेकंदाला नव्वद वेळा स्वतःभोवती फिरणारा एक स्पंदक तारा आणि त्याचा जोडीदार श्वेतबटू एकमेकांभोवती फिरतात. स्पंदकाचे ठोके अतिशय नियमित असतात, पण याचे ठोके वेळापत्रकापासून सरकत होते. कुणीतरी तिसरं त्याला ओढत होतं. हबलने तो श्वेतबटू हुडकून काढल्यावर २००३ साली तिसऱ्याचं वजन ठरलं: गुरूच्या सुमारे अडीचपट. वय अंदाजे १३ अब्ज वर्षं! तो जन्मला एका साध्या, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती. ती जोडी गुच्छाच्या गर्दीत शिरली आणि स्पंदकाच्या तावडीत सापडली. तारा फुगला, विझून श्वेतबटू झाला, ग्रह मात्र टिकला. वायूचा गोळा असल्याने तिथे जीवाची आशा नाही. पण लोहाच्या टंचाईतही ग्रह बनतात, एवढं त्याने दाखवलं.

उरते ती गर्दी. २०१८ साली स्टीफन केन आणि सेरा डेव्हेनी यांनी ओमेगा सेंटॉरीच्या गाभ्याचा हिशेब केला. तिथे दोन ताऱ्यांमधलं सरासरी अंतर ०.१६ प्रकाशवर्ष, आपला सर्वांत जवळचा शेजारी ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्या दाटीत सरासरी सोळा-सतरा लाख वर्षांनी एखादा तारा इतक्या जवळून जातो की ग्रहांची घडी विस्कटते. उत्क्रांतीच्या दृष्टीने हा अवधी काहीच नाही.

पण हा झाला गाभा. रोझॅन डी स्टेफानो आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले अलक रे यांनी २०१६ मध्ये वेगळी बाजू मांडली. गुच्छांत आता उरलेत ते मुख्यतः मंद लाल बटू तारे. त्यांची ऊब तोकडी, त्यामुळे पाणी द्रवरूप राहील असा ग्रह ताऱ्याला अगदी बिलगून फिरणार, आणि बिलगलेल्याला शेजारून जाणारा तारा सहज उचकटू शकत नाही. त्यांच्या मते गाभ्याबाहेर असा पट्टा असावा, जिथे ग्रह टिकतील आणि शेजारचा ताराही आवाक्यात राहील. निरोप पाठवून उत्तर यायला काही महिने, फार तर काही वर्षं. आपण १९७४ साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून एम-१३ गुच्छाकडे धाडलेला संदेश पोचायलाच २५ हजार वर्षं लागणार आहेत.

मला यातलं अर्धंच पटतं. बिलगण्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण लाल बटू तरुणपणी प्रचंड ज्वाळा ओकतात आणि इतक्या जवळच्या ग्रहाचं वातावरण त्यात टिकतं का, हा प्रश्न दाटीच्याही आधीचा आहे. पडताळा घेणं अवघड: तारे मंद, दूर आणि इतके खेटून, की एकाचा उजेड दुसऱ्यात मिसळतो. त्यामुळेच अशा गुच्छातल्या एखाद्या साध्या, अजून जळत्या ताऱ्याभोवती पक्का म्हणावा असा ग्रह आजवर हाती लागलेला नाही.