एकवीस दिवसांचं इंजेक्शन

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या हृदयविकार विभागात ‘एकवीस दिवसांचं इंजेक्शन’ हे शब्द कानावर पडतातच. औषधाचं खरं नाव बेंझाथिन पेनिसिलिन, पण रुग्णाच्या तोंडी ते क्वचितच असतं. केसपेपरवर पुढची तारीख लिहिलेली असते. त्या तारखेला कामावर खाडा करायचा किंवा शाळा बुडवायची, एसटीनं तालुक्याच्या गावी जायचं, कमरेत इंजेक्शन घ्यायचं आणि एक-दोन दिवस लंगडत चालायचं. हे वर्षानुवर्षं चालतं. काहींना वयाच्या चाळिशीपर्यंत, तर काहींना जन्मभर.

आजार सुरू होतो घसादुखीपासून. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या घशात अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो. घसा चार दिवसांत बरा होतो आणि घरचे तो विसरूनही जातात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा धरतो; हा रुमॅटिक ताप. जंतूशी लढायला शरीरानं उभी केलेली संरक्षण यंत्रणा या काळात स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेली असते. सांधे पूर्ववत होतात, हृदयाच्या झडपांचं मात्र तसं होत नाही. पहिल्या झटक्यात झालेली इजा बहुधा थोडी असते. पुन्हा घसा, पुन्हा ताप असं होत गेलं की झडप जाड होते, आकसते किंवा गळू लागते. हाच रुमॅटिक हृदयविकार. 2015 सालच्या जागतिक अंदाजानुसार 3 कोटी 34 लाख लोकांना तो होता आणि त्या एका वर्षात त्यानं सुमारे 3 लाख 19 हजार माणसं गेली. त्यांतली सुमारे 1 लाख 19 हजार एकट्या भारतातली होती.

आपल्याकडे हा आजार लवकर बळावतो. 1963 मध्ये दिल्लीच्या एम्समधले डॉ. सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की पाश्चात्त्य देशांत मध्यमवयात दिसणारी मायट्रल झडपेची घट्ट आकसण भारतात विशीच्या आतल्या मुलांत सर्रास आढळते. पुष्कळ मुलींना तर आपल्या हृदयात काही दोष आहे हे पहिल्या बाळंतपणातच कळतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त दीडपटीच्या आसपास वाढतं, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुप्फुसांत तुंबतं आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाईला आडवं झोपताही येत नाही.

एकवीस दिवसांचं इंजेक्शन बिघडलेली झडप दुरुस्त करत नाही. त्याचं काम एकच: घशात जंतूला पुन्हा घर करू न देणं. त्यामुळे घेणाऱ्याला ‘बरं वाटलं’ असा अनुभव कधी येत नाही. दुखतं तेवढं जाणवतं. तरी त्याचा उपयोग किती होतो याचा पक्का पुरावा हातात आहे. युगांडात 818 मुलांवर झालेली चाचणी 2021 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. सोनोग्राफीतच दिसेल इतका सुरुवातीचा दोष या मुलांमध्ये होता. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा नियमित इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 3 मुलांचा आजार वाढला होता, न घेणाऱ्यांपैकी 33 मुलांचा. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशी वर्षं उलटली, कितीतरी जंतू त्याला पुरून उरले, पण हा स्ट्रेप्टोकोकस अजूनही त्याच्यापुढे टिकत नाही.

असं औषध हाती असताना अनेक डॉक्टर ते द्यायला कचरतात. कारण भीती: ॲलर्जीनं रुग्ण दगावेल ही.

या भीतीला इतिहास आहे, आणि औषध शरीरात किती काळ टिकतं याच्याशी तो जोडलेला आहे. पेनिसिलिनचा पहिला मोठा प्रयोग फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डला झाला. ॲल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाच्या चेहऱ्यावर आणि डोळ्यात पू झाला होता. इंजेक्शन सुरू होताच त्यानं उभारी धरली, पण मूत्रपिंडं पेनिसिलिन झपाट्यानं बाहेर टाकतात. ते पुरवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं होतं. हा प्रयोग करणारे फ्लोरी आणि त्यांचे सहकारी त्याच्या लघवीतून औषध गाळून परत वापरत राहिले. साठा संपला आणि 15 मार्चला तो गेला. तीन वर्षांनी, 1944 च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या. मुलगा देवदास गांधी यांच्या खटपटीनं त्यांच्यासाठी कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलिन आलं. ते दर काही तासांनी टोचावं लागणार हे कळल्यावर, या अवस्थेत त्यांना आणखी छळू नये, असं म्हणून गांधीजींनी नकार दिला. 22 फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबा गेल्या. दर काही तासांनी टोचण्याचा हा जाच 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या बेंझाथिन पेनिसिलिननं संपवला. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. स्नायूत जमा होऊन राहतं आणि आठवडेच्या आठवडे रक्तात थोडं थोडं झिरपतं.

पण औषध शरीरात इतके दिवस राहणार, म्हटल्यावर धास्तीही तितकीच वाढली. 1949 मध्येच अमेरिकेत डॉ. वॉल्डबॉट यांनी पेनिसिलिनच्या ॲलर्जीनं झालेल्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे ‘इंजेक्शननं रुग्ण दगावला’ अशी बातमी आली की नातेवाईक दवाखान्यावर चालून जातात, पोलीस केस होते. ते टाळण्यासाठी अनेकांनी इंजेक्शन देणंच सोडलं. त्यांचं भय मी खोटं ठरवत नाही. मात्र खरा धोका किती, हे मोजलं गेलेलं आहे. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 1,790 रुग्णांना दिलेल्या 32,430 इंजेक्शनांचा हिशेब ठेवला होता. 57 जणांना ॲलर्जीचा काहीतरी त्रास झाला, चौघांना तीव्र स्वरूपाचा, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस झाला आणि एकाचा मृत्यू झाला. दहा हजार इंजेक्शनांमागे एकाहून किंचित जास्त अशी ही तीव्र ॲलर्जी. दगावलेल्या त्या एका रुग्णाचं हृदय आधीच फार बिघडलेलं होतं.

हा शेवटचा तपशील बराच काळ दुर्लक्षित राहिला. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या मृत्यूंच्या नोंदी तज्ज्ञांनी नीट तपासल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच ॲलर्जीच्या वाटेनात. अंगावर पित्त उठलेलं नव्हतं, घसा आवळला नव्हता, श्वासात घरघर नव्हती. रुग्ण इंजेक्शननंतर लगेच, कधी सुई आत असतानाच, कोसळले होते, आणि अनेकांच्या झडपा खूप आकसलेल्या किंवा हृदय थकलेलं होतं. दुखण्यानं आणि भीतीनं नाडी एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो. धडधाकट मुलाला अशा वेळी घेरी येते, आडवं केलं की ते मिनिटभरात सावरतं. ज्याच्या झडपेतून मुळातच जेमतेम रक्त पुढे जातं, त्याचं हृदय या धक्क्यातून बाहेर येऊ शकत नाही. 2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं हाच निष्कर्ष मांडला. झडपेचा दोष तीव्र असून दम लागतो किंवा हृदयाची ताकद घटली आहे, अशांना इंजेक्शनऐवजी तोंडानं घ्यायचं पेनिसिलिन द्यावं, असा सल्ला दिला.

या शोधानं व्यवहारात पुष्कळ फरक पडायला हवा. आजवर आपण प्रत्येकाकडे संभाव्य ॲलर्जीचा रुग्ण म्हणून पाहिलं आणि सगळी भिस्त ‘टेस्ट डोस’वर ठेवली. हातावर त्वचेत पातळ केलेल्या औषधाचा थेंब टोचायचा आणि फुगवटा येतो का ते पाहायचं. पहिल्या इंजेक्शनाआधी हे करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे गंडांतर टळलं, असं समजणं धोक्याचं आहे. तीव्र ॲलर्जी तरीही होऊ शकते, आणि थकलेल्या हृदयाबद्दल तर ही टेस्ट काहीच सांगत नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न अधिक कामाचे आहेत. पूर्वी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन घेतल्यावर नेमकं काय झालं होतं? आणि जिना चढताना, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर दम लागतो का?

इंजेक्शन कसं दिलं जातं हे जवळून पाहिलं की सुरक्षितपणा कुठे असतो ते कळतं. वायलमध्ये पांढरी पावडर असते. सिस्टर तिच्यात इंजेक्शनचं पाणी घालतात आणि वायल तळहातांत हलकेच फिरवतात. तयार होतं ते दुधासारखं दाट असतं, आणि त्यातले कण खाली बसायला लागतात. म्हणून भरल्यावर वेळ दवडायचा नसतो. बारीक सुई चालत नाही, कण अडकून ती बंद पडते. साधारण हिरव्या बुडाची, एकवीस नंबरची सुई लागते. रुग्णाला उभं ठेवण्यापेक्षा पालथं किंवा कुशीवर झोपवणं केव्हाही चांगलं. जागा नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात, कारण आतल्या, खालच्या भागातून पायाची मोठी नस जाते. सुई खोल गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं. हे औषध शिरेत कदापि जाता कामा नये, कण रक्तात शिरले तर हृदय बंद पडू शकतं. मग दोन-तीन मिनिटं लावून सावकाश सोडायचं. काही ठिकाणी थोडं लिग्नोकेन मिसळतात, त्यानं दुखणं बरंच कमी होतं. गर्दीच्या ओपीडीत हे तीन मिनिटांचं काम तीस सेकंदांत उरकलं जातं, आणि त्या घाईची वेदना लक्षात राहिलेलं मूल पुढच्या तारखेला येत नाही.

आणखी एक घोटाळा नावाचा होतो. साधं बेंझिल पेनिसिलिन शिरेतून देतात. न्यूमोनिया, धनुर्वात, हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग अशा आजारांत ते दर चार-सहा तासांनी चालतं. बेंझाथिन फक्त स्नायूत. दोन्ही पेनिसिलिनच, दोन्ही लाखांच्या युनिटात मोजतात. रुमॅटिक तापासाठी मोठ्यांना 12 लाख, 27 किलोंखालच्या मुलांना 6 लाख. देण्याआधी वायलवरचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचण्याची सवय असलेल्या सिस्टर या गोंधळापासून रुग्णाला वाचवतात.

रुग्णानं उपाशीपोटी जाऊ नये, आधी पाणी प्यावं, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसावं. हा अर्धा तास रिकामा नसतो. खाज सुटली, चेहरा सुजला, आवाज बसला, छाती आवळली, नाडी जलद झाली, तर हवं ॲड्रेनॅलिन, आणि तेही लगेच. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. लहान मुलाला वजनाप्रमाणे कमी. आराम नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे अजूनही आधी ‘एव्हिल-डेक्सा’ दिलं जातं आणि ॲड्रेनॅलिनची ॲम्प्युल कपाटात राहते. एव्हिलनं खाज थांबते, घसरता रक्तदाब थांबत नाही. डेक्साचा असर यायला तास लागतात. म्हणून इंजेक्शन घेण्याआधी ‘सिस्टर, ॲड्रेनॅलिन ट्रेमध्ये आहे ना?’ असं विचारायला कुणी संकोचू नये. आणि जिथे ते नाही, त्या मेडिकल स्टोअरच्या मागच्या खोलीत किंवा घरच्या खाटेवर हे इंजेक्शन घेऊ नये.

उलट बाजूनं, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शिक्काही फार सहज बसतो. लहानपणी अंगावर पुरळ आलं, इंजेक्शननंतर चक्कर आली, एवढ्यावर केसपेपरवर लाल अक्षरात ते लिहिलं जातं आणि आयुष्यभर चिकटतं. असा शिक्का बसलेल्यांची रीतसर तपासणी केली की दहातल्या नऊहून अधिक जणांना ॲलर्जी नसते. ज्यांना खरोखर होती, त्यांच्यातलीही बहुतेकांची दहा वर्षांत ओसरते. रुमॅटिकच्या रुग्णाला या शिक्क्यामुळे एरिथ्रोमायसिनवर जावं लागतं. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर अडचण आणखी मोठी, कारण पोटातल्या बाळापर्यंत पोचून त्याला वाचवेल असं दुसरं खात्रीचं औषधच नाही.

तारखेबद्दल मुद्दाम सांगायला हवं. अमेरिकेत हे इंजेक्शन साधारणपणे दर चार आठवड्यांनी देतात, आपल्याकडे तीन. चौथ्या आठवड्यात रक्तातलं औषध बरंच उतरतं, आणि जिथे दाटीवाटीच्या घरांत जंतू सतत फिरतो तिथे ते परवडत नाही. तैवानमध्ये बारा वर्षं चाललेल्या तुलनेत तीन आठवड्यांचा क्रम सरस ठरला. तेव्हा ‘आठवडाभर पुढे गेलं तर काय बिघडतं’ याला उत्तर आहे: त्याच आठवड्यात झडप उघडी पडते.

पण तारीख चुकते ती नेहमी रुग्णामुळेच असं नाही. औषधच आलेलं नसतं. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्यानं पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1955 पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरीकर तिला आजही ‘एचए’ म्हणतात. पुढे चीनमधून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागलं, त्या भावाशी आपले कारखाने टिकले नाहीत आणि एचए आजारी उद्योगांत जमा झाली. आज बेंझाथिनचा मूळ कच्चा माल बनवणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. त्यांच्यातला एक थांबला की अनेक देशांत तुटवडा पडतो. किंमत इतकी कमी की नवा कारखानदार यात पडत नाही. सरकारच्या प्रोत्साहन योजनेतून काकीनाडा इथे पेनिसिलिन-जीचा नवा प्रकल्प उभा राहिला, ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथला माल प्रामुख्यानं अमॉक्सिसिलिनसारख्या जास्त खपाच्या औषधांकडे वळणार हे उघड आहे. त्यातला काही वाटा बेंझाथिनसाठी राखून ठेवण्याची अट सरकारनं घालावी आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तीन महिन्यांचा साठा सक्तीचा करावा, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर ओपीडीच्या खिडकीवर ‘आज आलं नाही, पुढच्या आठवड्यात बघा’ असं ऐकू आलं तर रिकाम्या हातानं परत फिरू नये. डॉक्टरांना भेटून पेनिसिलिन-व्हीच्या गोळ्या लिहून घ्याव्यात. साधारणपणे 250 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, इंजेक्शन मिळेपर्यंत, एकही दिवस न चुकवता. आणि गोळ्या किती तारखेपासून सुरू केल्या ते केसपेपरवर त्याच रकान्यात लिहून घ्यावं.