नववीची शाळा आणि उसाचा फड

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात जातात आणि गाळप हंगाम आटोपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, परततात. शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ सगळे याच काळात येते. मुकादमाने हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटत असल्याने मोळ्या बांधून ट्रॉलीत चढवणारा १५ वर्षांचा मुलगा हिशेबात कुठे नसला तरी त्याच्या हातांनी कुटुंबाची कमाई वाढते. शाळेत बसल्यामुळे बुडणाऱ्या अशा कमाईला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात, आणि माध्यमिक टप्प्यावर शुल्कापेक्षा तोच जड जातो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचाच आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतरही बालमजुरीवरील सरसकट बंदी १४ व्या वर्षीच संपते, पुढे धोकादायक कामे तेवढी वर्ज्य. नेमक्या त्याच वयात मुलगा कोयता पेलण्याजोगा होतो. मुलींच्या गळतीमागील बालविवाहाची निदान चर्चा तरी होते. मुलगा मात्र ‘कामाला लागला’ एवढ्या शेऱ्यावर हजेरीपटातून उतरतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.