जागा किती, यापेक्षा किल्ली कोणाकडे?

गोव्यातील बहुतेक जुन्या घरांत कागदपत्रांची एक पेटी असते. पोर्तुगीज अमदानीतील विक्रीखते, कोमुनिदादच्या जमिनीचे कागद, एक-चौदाचे उतारे, आजोबांचा जन्मदाखला आणि तळाशी कालोत्सवातल्या एखाद्या नाटकाचे पिवळे पडलेले छायाचित्र. दमट हवा आणि वाळवी या पेटीची दर पावसाळ्यात परीक्षा घेतात. त्यामुळे घरातील कोणी जाणते माणूस पुढाकार घेऊन हे सारे स्कॅन करून घेते. शिवाय वारसाहक्काचे प्रकरण निघाले की हिस्सेदार चार गावांत आणि दोन-तीन देशांत विखुरलेले असतात. लंडनमधील पुतणीला उतारा पाहायचा असतो, मुंबईतील भावाला विक्रीखताची प्रत हवी असते. या फाइली ठेवायच्या कोठे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

त्याचे उत्तर म्हणून बहुधा कोणती कंपनी किती जागा फुकट देते याची यादी पुढे केली जाते. ती सांगून टाकू. गूगल १५ जीबी देते, मात्र ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह व ॲपलचे आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २ जीबी. आता नीट स्कॅन केलेले एक रंगीत पान साधारण एक-दोन एमबीचे होते. म्हणजे हजार पानांची पेटी दोन जीबीत सहज मावते. जागा संपते ती कागदपत्रांमुळे नव्हे, मोबाइलमधील छायाचित्रे आणि व्हिडिओंमुळे. तेव्हा ज्या कागदांची खरी काळजी आहे, त्यांच्यापुरता जागेचा प्रश्न जवळजवळ नाहीच. प्रश्न आहे तो या कागदांवर ताबा कोणाचा राहतो आणि काही बिघडले तर ते परत कसे मिळतात, याचा.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवा मुख्यतः सिंकच्या आहेत, बॅकअपच्या नव्हेत. सिंक म्हणजे एकाच फोल्डरची अनेक यंत्रांवरील प्रतिबिंबे एकसारखी ठेवणे. संगणकावरील एक छोटा प्रोग्राम त्या फोल्डरवर सतत नजर ठेवून असतो. एखादी फाइल बदलली की तो तिचे तुकडे तपासतो. ड्रॉपबॉक्सने अशा तुकड्यांची कमाल मर्यादा ४ एमबी ठेवली आणि बदललेला तुकडा तेवढाच पाठवण्याची पद्धत रुळवली. मोठ्या फाइलीतील लहान दुरुस्ती तिथे पटकन पोहोचते ती यामुळे. बदल सर्व्हरवर जातो आणि तेथून तुमच्या इतर यंत्रांवर उतरतो.

परंतु हाच गुण उलटतोही. तुम्ही चुकून फोल्डर पुसलात तर ते पुसणेही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचते. संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरून त्याने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद प्रतीच क्लाउडवर चढतात. यातून वाचवणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्यांची नोंद. पण त्यांनाही मुदत आहे. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि ड्रॉपबॉक्सच्या साध्या योजनेतही मुदत तेवढीच. जमिनीचे कागद मात्र आपण वर्षावर्षांत उघडत नाही. जूनमध्ये पुसली गेलेली फाइल तुम्ही दिवाळीत शोधू लागलात, तर ती कोठेच नसेल.

आणखी एक फसगत अलीकडची. संगणकातील जागा वाचावी म्हणून या सेवा फाइलीचे केवळ नाव आणि चिन्ह डिस्कवर दाखवतात. प्रत्यक्ष मजकूर क्लाउडवर असतो आणि क्लिक केल्यावर उतरतो. सोय चांगली आहे. परंतु 'माझ्या लॅपटॉपवरही आहे आणि क्लाउडवरही आहे' असा जो समज होतो, तो अशा वेळी खोटा असतो. प्रत एकच असते. गूगल डॉक्समध्ये लिहिलेल्या मजकुराचे तर असे की, ड्राइव्हच्या फोल्डरमधून ती फाइल पेन ड्राइव्हवर ओढून ठेवली तरी हाती पडते ती फक्त पत्ता सांगणारी चिठ्ठी. खरा मजकूर हवा असेल तर तो वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यावा लागतो. संस्थांचे अहवाल आणि इतिवृत्ते हल्ली सर्रास डॉक्समध्ये लिहिली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मोठ्या कंपनीकडे ठेवले म्हणजे काळजी मिटली, हा दुसरा समज. क्लाउड म्हणजे अखेर कोणाच्या तरी मालकीची इमारत, तीतील यंत्रे आणि ती चालवणारी माणसे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचारी ज्यावर आपल्या कामाच्या फाइली ठेवत, ती 'जी-ड्राइव्ह' नावाची प्रणाली तीत जळाली. गूगलशी तिचा संबंध नाही. नाव तेवढे सारखे. ८५८ टेराबाइट माहिती गेली आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती, कारण एवढ्या आकाराची प्रत बाहेर ठेवण्याची व्यवस्थाच केलेली नव्हती. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या पेन्शन निधीचे गूगल क्लाउडवरील खासगी क्लाउड गूगलकडील एका चुकीच्या मांडणीमुळे पुसले गेले. पाच लाखांहून अधिक सभासदांचे व्यवहार अनेक दिवस खोळंबले, पण निधी सावरला, कारण त्याने एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने प्रचलित केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचे तर एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. त्यामुळे 'क्लाउड की हार्ड डिस्क' हा वादच चुकीचा आहे.

आग आणि कंपनीची चूक या घटना तशा विरळ. घरगुती खात्याच्या बाबतीत खरा धोका खात्याच्या दाराशी असतो. पासवर्ड विसरतो, मोबाइल हरवतो. आपल्याकडे याला आणखी एक पैलू आहे. तरुण मुले नोकरीसाठी आखातात, युरोपात जातात; इथला क्रमांक रिचार्जअभावी बंद पडतो आणि कालांतराने तो दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो. खात्याचा ओटीपी मात्र अजून त्याच क्रमांकावर जात असतो. म्हणून सेवा निवडण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे त्या खात्यात दोन वेगवेगळे सुटकेचे मार्ग नोंदवणे: दुसरा ईमेल, घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचा क्रमांक. दुहेरी पडताळणी चालू केल्यावर गूगल जे राखीव संकेतांक देते, ते कागदावर लिहून त्याच जुन्या पेटीत ठेवावेत. या एका बाबतीत कागद अजूनही सरस आहे.

खाते कंपनीही बंद करू शकते. डिसेंबर २०२३ पासून गूगलने दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण अमलात आणले. स्वयंचलित तपासणीत एखादे छायाचित्र आक्षेपार्ह ठरून खाते गोठल्याचेही प्रसंग आहेत. डॉक्टरांना दाखवण्यासाठी आपल्या लहान मुलाचे छायाचित्र काढलेल्या एका अमेरिकन पित्याचे गूगल खाते असेच बंद झाले आणि पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवल्यानंतरही ते परत मिळाले नाही. २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही हकिगत प्रसिद्ध केली होती. कंपनीशी बोलायला समोर खिडकी नसते. बँकेत व्यवस्थापकाला जाऊन भेटता येते, येथे अर्ज भरून वाट पाहावी लागते.

खातेधारकाचा मृत्यू हा याच प्रश्नाचा दुसरा चेहरा. गूगलमध्ये निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थापनाची सोय आहे. ठरावीक महिने खाते शांत राहिले तर कोणाला कळवायचे आणि काय सुपूर्द करायचे हे आधी नोंदवता येते. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस नेमण्याची सोय दिली. जमिनीचे कागद ज्या माणसाच्या खात्यात आहेत, त्याने ही पाच मिनिटांची नोंद करणे मृत्युपत्राइतकेच निकडीचे आहे.

देवस्थान समित्या, वाचनालये, भजनी मंडळे, नाट्यसंस्था यांनी तर थोडे अधिक सावध असावे. गूगल ड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यांत सामायिक केलेल्या फोल्डरमधील फाइलीची मालकी फोल्डरची नसते, ती चढवणाऱ्याची असते. सचिवाने आपल्या खात्यातून पंधरा वर्षांची इतिवृत्ते चढवली, समिती बदलली, सचिवाने नाराजीने वा नजरचुकीने आपले खाते रिकामे केले, की समितीच्या हाती रिकामा फोल्डर उरतो. येथे दुष्टाव्याची गरजच नाही. जागा संपल्यावर साफसफाई करणारा सज्जन माणूसही हे करू शकतो. संस्थेच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडावे, त्याची किल्ली दोन पदाधिकाऱ्यांकडे असावी आणि सूत्रे बदलताना ती दप्तराबरोबर सुपूर्द व्हावी.

आता गुप्ततेविषयी. सर्वच प्रमुख सेवा फाइली सांकेतिक रूपात साठवतात, परंतु नेहमीच्या मांडणीत संकेताची किल्ली कंपनीकडेही असते. त्यामुळे तुम्हाला शोध घेता येतो, पासवर्ड विसरला तरी वाट उरते. आणि कायद्याने मागणी झाल्यास कंपनी मजकूर देऊही शकते. प्रोटॉन ड्राइव्ह, मेगा यांसारख्या सेवांत किल्ली केवळ वापरणाऱ्याकडे राहते. ॲपलनेही २०२२ च्या अखेरीस आयक्लाउडसाठी अशी वाढीव सुरक्षा ऐच्छिक म्हणून दिली. मात्र ब्रिटनमध्ये सरकारी मागणीच्या वादात फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मागे घ्यावी लागली. किल्ली फक्त आपल्याकडे असणे ऐकायला उत्तम वाटते, पण ती हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. माझ्या मते शंभर वर्षांपूर्वीच्या विक्रीखताला चोरीपेक्षा हरवण्याचे भय अधिक आहे. त्यासाठी साधी सेवा पुरेशी. आधार, पॅन, बँकेची विवरणपत्रे, वैद्यकीय अहवाल यांची गोष्ट वेगळी. ती क्लाउडवर ठेवायचीच असतील तर क्रिप्टोमेटरसारख्या मोफत प्रोग्रामने आधी स्वतःच्या संगणकावर कुलूपबंद करून मग चढवावीत. सरकारने दिलेले जे दाखले डिजिलॉकरमध्ये थेट उपलब्ध होतात, त्यांच्या प्रती इतरत्र विखुरण्याचे कारणच नाही.

इतके पाहिल्यावर सेवेची निवड बरीच सोपी होते आणि ती बहुधा घरातील यंत्रेच ठरवतात. सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन असतील तर गूगल. त्याची सशुल्क योजना आणखी पाच जणांत वाटून घेता येते. वर्ड-एक्सेलचे काम असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ घेताना १ टीबी जागा सोबत मिळते, तेव्हा वेगळे पैसे मोजू नयेत. घरात आयफोनच असतील तर आयक्लाउड. यंत्रे मिश्र असतील आणि मोठ्या फाइलींवर अनेक जण काम करत असतील, तर ड्रॉपबॉक्सचे सिंक अजूनही नीटस आहे, मात्र त्याची फुकट जागा तुटपुंजी. फुकट सोयीवर कायमचा भरवसा ठेवू नये. गूगल फोटोजची अमर्याद साठवण १ जून २०२१ रोजी संपली, वनड्राइव्हची १५ जीबी मोफत जागा २०१६ मध्ये ५ जीबीवर आली, ॲमेझॉन ड्राइव्ह तर २०२३ च्या अखेरीस बंदच झाले.

पैसे भरण्यापूर्वी घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग पाहावा. जाहिरातीतील आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. १० एमबीपीएस वेगाने २०० जीबी चढवायला अखंड चालवले तरी सुमारे ४५ तास लागतात. मोबाइल डेटावर हे काम करू नये.

मराठी वाचकांसाठी एक खास अडचण उरते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या फाइली क्लाउडवर उघडल्या की निरर्थक अक्षरे दिसतात, कारण तो फाँट तेथे नसतो. आणि त्या मजकुरात शोधही घेता येत नाही. अशा फाइली चढवण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि सोबत मूळ फाँटमधील पीडीएफही ठेवावी. स्कॅनच्या फाइलींना यंत्राने दिलेले आकड्यांचे नाव तसेच न ठेवता गाव, सर्व्हे क्रमांक आणि वर्ष अशा क्रमाने नाव द्यावे, म्हणजे पुढच्या पिढीला ती न उघडता सापडतील.

सर्व मांडणी झाली की एक दिवस काढून दुसऱ्याच कोणाच्या संगणकावरून, स्वतःचा फोन बाजूला ठेवून, एखादा उतारा परत मिळवून पाहावा. तो मिळाला नाही, तर दोष शोधायला अजून वेळ आहे. बाहेरची हार्ड डिस्क पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी आणि वर्षातून एकदा, शक्यतो चतुर्थीला सगळे घरी आले असताना, जोडून उघडून पाहावी.